तुरटीचा खडा, काचेची नळी

बिलोलीत डॉक्टर येण्याच्या फार आधीपासून रक्त थांबवायचं काम वारिकाकडं, म्हणजे न्हाव्याकडं होतं. कुणी त्याला ते नेमून दिलं नव्हतं. ज्याच्या हाती वस्तरा, त्याच्याच धोकटीत रक्त थांबवायचं सामान, एवढा साधा हिशोब. माझा आजा वारिक होता. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नऱ्हाणी, पाण्याची वाटी आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेला तुरटीचा खडा असे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन तो बलुतं आणायचा. त्या ज्वारीत हजामत, लग्नातली कामं, गळू फाडणं, पायातला काटा काढणं आणि रक्त थांबवणं सगळंच आलं. रक्ताचे वेगळे पैसे कुणी दिले नाहीत, त्यानं मागितलेही नाहीत.

काळ निजामाचा. नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानात, बिलोली तालुक्याचं गाव. धर्माबाद तेव्हा आमच्याच तालुक्यात होतं. तिथून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास धावू लागली, पण तिथवर बैलगाडीनं जायचं आणि मग गाडीची वाट बघायची. एवढा वेळ वाहतं रक्त कुणाला देत नाही. त्यामुळं कोयता लागला, आडाच्या रहाटात बोट सापडलं, बैलानं शिंग मारलं की माणूस वारिकाच्या ओट्यावर. मुसलमान मोहल्ल्यात सुंता करणारा हज्जाम वेगळा होता, तो चाळलेली राख वापरायचा. रझाकारांच्या वर्षी तर ओट्यावर कोण कुठल्या बाजूचा हे विचारायची सोय नव्हती. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं. दवाखान्याची पाटी त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी लागली.

आजाची रीत मी लहानपणी जवळून पाहिली आहे. वस्तऱ्याचा ओरखडा असेल तर ओली तुरटी फिरवायची, बस्स. तुरटीनं कातडी आवळते, रक्तातली प्रथिनं जागच्या जागी गोठतात, ओरखडा मिटतो. जखम खोल असेल तर तुरटीला तो हातही लावत नसे. आधी पाणी ओतून रक्त नेमकं कुठून येतंय ते बघायचा. मग बांधावरचा दगडी पाला तळहातावर चोळून, त्याचा हिरवा रस जखमेत पिळून, चोथा वर ठेवायचा. आणि मग अंगठा. अंगठा जखमेवर दाबून दुसऱ्या हातानं विडी पेटवायचा. विडी संपेस्तोवर अंगठा उचलायचा नाही. समोरचा कळवळून म्हणायचा, "वारिकबाबा, थांबलं का बघा की." हा म्हणायचा, "उचलून बघितलं की पुन्हा सुरू. गप बस."

पुढं मी सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ झालो आणि आयुष्यभर लोकांचं रक्त काचेवर पसरत राहिलो. त्या सगळ्यानंतर माझं मत असं झालं आहे, की आजाच्या औषधातला निम्म्याहून जास्त गुण त्या विडीत होता.

दगडी पाल्याची गंमत सांगतो. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. आमच्याकडच्या तेलुगू घरांत गड्डी चामंती म्हणतात. आजीच्या बटव्यातली, ऋषीमुनींच्या काळातली वनस्पती म्हणून लोक ती दाखवतात. प्रत्यक्षात ती उष्ण अमेरिकेतून आलेली परदेशी तण आहे. सुश्रुताला ती माहीत असणं शक्यच नाही. सुश्रुतानं रक्त थांबवायचे चार मार्ग सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडं जुळवायची, गारव्यानं रक्त घट्ट करायचं, भस्मानं सुकवायचं आणि काहीच चाललं नाही तर डाग द्यायचा. आजानं सुश्रुताचं नावही ऐकलं नव्हतं. तरी त्याची तुरटी पहिल्या मार्गाची आणि हज्जामाची राख तिसऱ्या मार्गाची, हे कुणालाही दिसेल. राखेनं मात्र घात केला. राख आणि शेण लावलेल्या जखमांतून धनुर्वात होऊन किती माणसं गेली याचा हिशोब कुठल्याच तालुक्यानं ठेवलेला नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. हळदीचंही तसंच. हळदीची पूड ओल शोषते, जंतूंना थोडा आवर घालते, हे खरं. पण तिच्यातलं कर्क्युमिन परीक्षानळीत प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांना, एकमेकांना चिकटण्यापासून उलट अडवतं. म्हणजे चिमूटभर हळदीनं रक्त थांबलं असं आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेक हळदीखालच्या बोटानं थांबलेलं असतं.

मग दाबलेल्या अंगठ्याखाली काय चालू असतं? हे कळायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. रक्तात तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज आणखी बारीक काहीतरी आहे, हे 1865 मध्ये जर्मनीत माक्स शुल्ट्झे यांनी लिहून ठेवलं होतं. 1873 च्या सुमारास तरुण विल्यम ऑस्लर यांनी लंडनमध्ये ते पाहिलं. पण त्याचं काम काय हे कुणी सांगेना. काहींना ती पेशींची मोडतोड वाटली, काहींना जंतू. इटलीत तुरीन इथं जुलिओ बिझोझेरो यांनी 1881-82 मध्ये जिवंत प्राण्याच्या आतड्याच्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, वाहिनीला जराशी इजा केली आणि बघत बसले. वाहत्या रक्तातले हे चपटे कण इजा झालेल्या जागेला चिकटले, त्यांच्यावर आणखी चिकटले आणि भोक बुजलं. धाग्यांचं जाळं त्यानंतर आलं. रक्त थांबवणारं पहिलं कोण, याचं उत्तर त्या दिवशी मिळालं. हे कण येतात कुठून, ते 1906 मध्ये बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी दाखवलं. हाडांच्या मगजात मेगाकॅरिओसाइट नावाच्या भल्यामोठ्या पेशी असतात, त्यांचे तुकडे पडून प्लेटलेट्स होतात. प्लेटलेटला केंद्रक नसतं. रुंदी दोन-तीन मायक्रॉन, आयुष्य आठ ते दहा दिवस. एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात.

रक्तवाहिनी कापली की ती आधी आकसते. तिच्या अस्तराखालचं कोलॅजेन उघडं पडतं. रक्तात फिरणारं फॉन विलेब्रांट नावाचं लांबलचक प्रथिन त्या कोलॅजेनला चिकटतं आणि धावत्या प्लेटलेट्सना धरून ठेवतं. धरली गेलेली प्लेटलेट रूप बदलते. चपटी होती ती काटेरी होते आणि पोटातली द्रव्यं बाहेर टाकते. त्या द्रव्यांनी आजूबाजूच्या प्लेटलेट्स जाग्या होऊन तिथंच येऊन बिलगतात. दोघींच्या मध्ये रक्तातल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचा दुवा असतो. ही झाली कच्ची बुच. तिच्या अंगावरच थ्रोम्बिन तयार होतं आणि फायब्रिनोजेनचे फायब्रिन धागे होऊन बुच पक्की विणली जाते. कच्च्या बुचेला काही मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं रक्ताचा लोंढा रोखून धरला तर प्लेटलेट्सचं काम सोपं होतं. अंगठा उचलून बघणारा माणूस अर्धी विणलेली बुच स्वतःच उपटतो. विडीचा गुण तो हा.

ही सगळी गोष्ट नुसत्या डोळ्यांनी बघायची असेल तर काचेच्या परीक्षानळीत रक्त घेऊन ठेवावं. पाच-दहा मिनिटांत ते थिजतं, नळी तिरपी केली तरी हलत नाही. इथवर सगळ्यांना माहीत असतं. तासा-दोन तासांनी बघा. गोळा नळीच्या कडा सोडून आत आकसलेला असतो आणि भोवती पिवळसर पाणी सुटलेलं असतं, विरजलेल्या दह्यावर निवळ सुटते तसं. तो गोळा प्लेटलेट्सनी ओढलेला असतो. त्यांच्यात आपल्या स्नायूंत असतात तशीच आखडणारी प्रथिनं असतात, ती फायब्रिनचे धागे आत खेचतात. जखमेवरही हेच होतं आणि जखमेचे काठ जवळ येतात. फ्रान्सचे जॉर्ज आयेम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलं होतं, की ज्यांच्या अंगावर आपोआप जांभळे डाग उठतात त्यांच्या रक्ताचा गोळा असा आकसत नाही. कुठलंही यंत्र नसताना, नुसतं नळीकडं बघून.

माझ्या नोकरीचा मोठा भाग कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत गेला. ऑपरेशनला आलेल्या बायांची रांग, प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आणि प्रत्येकीची 'बीटी-सीटी'. बीटी म्हणजे रक्त थांबायला लागणारा वेळ. सुई टोचायची आणि दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद टेकवायचा. कागदावर तांबड्या टिकल्यांची ओळ उमटते. पहिली मोठी, पुढची लहान, त्याहून लहान, मग कोरा कागद. अमेरिकेच्या ड्यूक यांनी 1910 मध्ये कानाच्या पाळीवर सुरू केलेली ही रीत. टिकल्यांची ती उतरती ओळ म्हणजे प्लेटलेट्सची हजेरी. सीटीसाठी केसासारख्या बारीक काचेच्या नळीत रक्त भरायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला तिचा तुकडा मोडायचा. चार-सहा वेळा नुसती काच मोडते. मग एका तुकड्याच्या वेळी दोन टोकांमध्ये तांबूस तार लोंबते. ते फायब्रिन. ही नळीची रीत लंडनच्या ऑल्म्रॉथ राइट यांच्या नावानं ओळखली जाते. प्लेगची चौकशी करायला 1898 मध्ये हिंदुस्थानात आलेल्या आयोगात हे गृहस्थ होते. मगजातल्या पेशीवाले राइट वेगळे, नळीवाले वेगळे. परीक्षेत आम्ही हमखास घोटाळा करायचो.

पुढं तज्ज्ञांनी सांगितलं, की सरसकट सगळ्यांची बीटी-सीटी करून ऑपरेशनात कुणाला जास्त रक्त जाईल ते कळत नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. रांगेतल्या बाईला, "दाढ काढली तेव्हा रक्त किती वेळ वाहिलं? लहानपणी घोळणा फुटायचा का? पाळीत किती दिवस जातं?" एवढं विचारलं तर टिपकागदाहून जास्त कळायचं.

या प्रश्नांना काळजीत टाकणारी उत्तरं देणारी एखादी निघायचीच. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न रीतीचं आणि तेलुगू घरांत सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही होत आलं आहे. दोन्ही बाजूंना एकच दोषी जनुक असेल तर ते लेकरात एकत्र येतं. अशातलाच एक विकार ग्लांझमान या स्विस बालरोगतज्ज्ञानं 1918 मध्ये वर्णन केला. यात प्लेटलेट्स मोजल्या तर पुरेपूर भरतात, पण दोन प्लेटलेट्समधला फायब्रिनोजेनचा दुवा धरायची पकडच त्यांच्यावर नसते. त्या एकमेकींशेजारून निघून जातात, बुच बसत नाही. पोरीचा घोळणा फुटला की तासन्‌तास वाहतो, पहिल्या पाळीलाच रक्त चढवायची वेळ येते आणि घरचे लोक बाहेरचं काही लागलं म्हणून देव-देव करत फिरतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. ती 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली, पुढं तिथं अशा घराण्यांच्या तपासण्या आणि अभ्यास झाला. ज्या घरात असं एक लेकरू आहे, त्या घरानं पुढची सोयरीक रक्ताच्या नात्यात करू नये. मामा रुसला तर रुसू द्यावा.

वारिकाच्या धंद्यातही प्लेटलेट्स आता वेगळ्याच वाटेनं आल्या आहेत. माझा पुतण्या सलून चालवतो. एड्सची भीती पसरल्यापासून वस्तरा गेला, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं आलं. सगळ्यांच्या गालांवर फिरणारा तुरटीचा एकच खडाही जायला हवा होता, आणि बऱ्याच दुकानांतून तो गेलाही. पुतण्या पन्नाशीपुढच्या माणसाला खुर्चीत बसवतानाच विचारतो, "काका, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" हृदयात स्प्रिंग बसवलेली माणसं आता गावोगाव आहेत, त्यांना रोज ॲस्पिरिन असतं. जराशा ओरखड्यानं त्यांचं रक्त थांबता थांबत नाही. ही गोळी रक्त पातळ वगैरे काही करत नाही. थ्रोम्बॉक्सेन हे शेजारणींना हाक मारायचं द्रव्य तयार करण्याची प्लेटलेटची ताकद ती काढून घेते. प्लेटलेटला केंद्रक नाही, म्हणून ती ताकद तिला पुन्हा कमावता येत नाही. मरेपर्यंत ती मुकीच राहते. म्हणून एका गोळीचा परिणाम आठवडाभर पुरतो. इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये ॲस्पिरिनचं काम उलगडलं, 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुतण्याला व्हेन माहीत नाहीत, पण तो अशा गिऱ्हाइकाची दाढी उलट्या हातानं करत नाही. माझ्या मते एवढं पुरे.

डेंग्यूबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्याबद्दल सगळेच बोलतात. 'पेशी कमी झाल्या' म्हटलं की आमच्याकडं माणसं गाडी करून नांदेड गाठतात, वाटेत पपईच्या पानांचा रस पाजतात. आकडा पन्नास हजारांवर आला म्हणून कुणी मरत नाही. दहा हजारांच्या खाली गेला किंवा कुठून रक्त जायला लागलं, तर प्लेटलेट्स चढवायचा विचार करायचा. आणि यंत्राचा आकडा वेदवाक्य मानू नये. नळीतल्या रसायनामुळं काहींच्या प्लेटलेट्स गठ्ठ्यानं चिकटतात, यंत्राला त्या दिसतच नाहीत आणि धडधाकट माणसाच्या कागदावर वीस हजार छापून येतात. काचपट्टीवर थेंब पसरा, लीशमन रंग द्या, शेपटीकडच्या भागात बघा. जांभळ्या ठिपक्यांचे गठ्ठे तिथं पडलेले दिसतात. बीटी-सीटीच्या जमान्यातल्या तंत्रज्ञाला एवढा तोरा मिरवू द्यावा.

खरा कस लागायचा तो पावसाळ्यात. मांजरा काठची शिवारं, ऊस, सोयाबीन, रात्रीचं पाणी द्यायचं काम आणि घोणस. तेलंगणाकडची माणसं तिला रक्तपिंजर म्हणतात. चावलेला माणूस आला की त्याचा पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त, सुई टोचली तिथून रक्त. घोणशीच्या विषातला एक घटक रक्त गोठवणाऱ्या साखळीच्या ऐन मधल्या कडीला, दहाव्या घटकाला, चेतवतो. अंगभर बारीक बारीक गुठळ्या होत सुटतात आणि त्यात सगळं फायब्रिनोजेन खर्ची पडतं. मग जिथं खरोखर गरज आहे तिथं विणायला धागाच उरत नाही. गोठवणाऱ्या विषानंच रक्त गोठेनासं होतं. याच गुणाचा उपयोग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी 1934 मध्ये करून दाखवला. दहा हजार पट पातळ केलेलं घोणशीचं विष हिमोफिलियाच्या रोग्याच्या दाताच्या खड्ड्यात भरलं आणि रक्त थांबलं. पुढं 'स्टिपव्हेन' नावानं ते औषध विकलंही गेलं. आमच्या बांधावरची घोणस विलायतेत तुरटीचं काम करत होती.

दवाखान्यात त्या रात्री यंत्र लागत नाही. कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची, शिरेतलं दोनेक मिलिलिटर रक्त तिच्यात सोडायचं, नळी स्टँडला लावायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. नातेवाईक दारात उभे असतात, त्यांना वाटतं डॉक्टर नुसतेच घड्याळ बघत बसलेत. वीस मिनिटांनी नळी एकदा तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, प्रतिविष चढवायचं. नळी काचेचीच लागते. काचेचा पृष्ठभाग रक्तातल्या बाराव्या घटकाला चेतवतो, प्लास्टिकचा तसा चेतवत नाही. साबणानं धुतलेली काचही दगा देते. हा बारावा घटक ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते जॉन हेगमन अमेरिकेतले रेल्वे कामगार. 1955 मध्ये रॅटनॉफ यांनी त्यांच्याविषयी लिहिलं. हेगमन यांचं रक्त काचेत गोठायचंच नाही, पण जखमेतून मात्र त्यांना कधी जादा रक्त गेलं नाही. 1968 मध्ये ते वारले, तेही फुफ्फुसात गुठळी अडकून. अंगातलं रक्त काचेतल्या रक्तापेक्षा वेगळ्या वाटेनं गोठतं, हे त्यांच्यामुळं कळलं.

प्रतिविषाच्या बाटल्या चढल्या की नातेवाईक लगेच विचारायला लागतात, "आता थांबलं का रक्त?" प्रतिविष रक्त थांबवत नाही. ते फक्त फिरत्या विषाला बांधून टाकतं. संपलेलं फायब्रिनोजेन यकृतालाच पुन्हा तयार करावं लागतं आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून दुसरी नळी अर्ध्या तासानं लावण्यात अर्थ नसतो. रात्री अकराला पहिली बाटली लावली असेल तर पहाटे पाचला उठून, तशीच कोरडी काचेची नळी घेऊन, पुन्हा वीस मिनिटं मोजायची. रक्त तरीही वाहिलं तर आणखी प्रतिविष, आणखी सहा तास. त्या मधल्या वेळात रोग्याला स्नायूत सुई टोचायची नाही, ॲस्पिरिन द्यायचं नाही आणि चावलेल्या जागी कुणी चिरा मारू बघत असेल तर त्याला वॉर्डाबाहेर काढायचं.